साक्षीदाराची पारख : सोपाऱ्याच्या नाण्यांपासून क्रिकेटच्या कार्डांपर्यंत

विरार पूर्वेतील मनवेलपाडा ही नावाप्रमाणेच मुळात पाड्याची, म्हणजे मोठ्या गावाच्या आधाराने वाढलेली लहान वस्ती असून, २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेत आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात तिचा समावेश झाला, तेव्हा तेथील मोकळ्या जागांवर इमारतींची दाटी झालेली होती. अशा वस्तीतील संग्राहकाला आज एखाद्या क्रिकेटपटूचे दुर्मिळ कार्ड घ्यायचे असेल, तर त्याला मुंबईच्या बाजारात जावे लागत नाही. अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील विक्रेत्याशी मोबाइलवर व्यवहार होतो, आणि वस्तू हातात येण्यापूर्वीच पैसे गेलेले असतात. न पाहिलेली वस्तू अस्सल मानायची ती कोणाच्या शब्दावर, हा या व्यवहारातील मध्यवर्ती प्रश्न होय. तो नवा वाटला तरी मनवेलपाड्यापासून काही किलोमीटरांवर, रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस असलेल्या सोपारे बंदरात तो दोन हजार वर्षांपूर्वीही विचारला जात होता, आणि त्याला मिळालेल्या उत्तरांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते: लबाडी प्रथम वस्तूत शिरते, तिला रोखण्यासाठी वस्तूशेजारी एक साक्षीदार उभा केला जातो, आणि काही काळाने लबाडी त्या साक्षीदारालाच गाठते.

प्राचीन भारतातील सर्वांत जुनी नाणी आहत नाणी या नावाने ओळखली जातात. चांदीचा पत्रा कापून, ठरलेल्या वजनाचे तुकडे करून त्यांवर सूर्य, वृक्ष, डोंगर अशी चिन्हे ठोकून ती तयार केली जात. यांपैकी अनेक नाण्यांवर मूळ चिन्हांखेरीज अगदी बारीक खुणा आढळतात, आणि त्या नाणे हातोहात फिरत असताना सराफांनी तपासणीनंतर उमटवलेल्या असाव्यात, असे नाणकशास्त्राचे अभ्यासक मानतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवर देखरेख करणाऱ्या लक्षणाध्यक्षाबरोबरच रूपदर्शक नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. व्यापारात चालणारे नाणे कोणते आणि राजाच्या कोशात स्वीकारायचे कोणते, हे ठरवणे हे त्याचे काम. त्यासाठी पारीक्षिक नावाचे शुल्क शेकडा एक-अष्टमांश इतके आकारले जाई. नाणे पाडणारा आणि नाणे पारखणारा हे दोघे वेगळे असावेत, आणि पारखणाऱ्याला त्याच्या कामाचा ठरावीक मोबदला मिळावा, ही कल्पना येथे पुरती आकाराला आलेली दिसते.

या व्यवस्थेतील दुबळी जागा याज्ञवल्क्य स्मृतीने हेरली होती. खोटे नाणे किंवा खोटे माप करणाऱ्याला आणि जाणूनबुजून ते वापरणाऱ्याला तीत ‘उत्तम साहस’ म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचा दंड सांगितला आहे. आणि लगेच पुढे खऱ्याला खोटे किंवा खोट्याला खरे ठरवणाऱ्या नाणकपरीक्षकालाही नेमका तोच दंड सांगितला आहे. बनावट करणारा आणि बनावटीला खरेपणाचा शब्द देणारा यांना एकाच पायरीवर उभे करणाऱ्या या नियमामागे बाजाराचे बारकाईने केलेले निरीक्षण असले पाहिजे, कारण एक खोटे नाणे एका माणसाला बुडवते, पण खोटा परीक्षक त्याच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक नाण्याविषयी संशय निर्माण करतो.

साक्ष बदलण्याचा याहून ठसठशीत पुरावा नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडला. क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या सुमारे १३ हजार नाण्यांच्या त्या निधीत ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नहपानाचा पराभव झाला तरी त्याची चांदी वाईट झाली नव्हती. बदलली होती ती तिची हमी देणारी सत्ता. याच नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखात त्याने सोपाऱ्यासह अनेक ठिकाणी केलेल्या दानधर्माचा उल्लेख आहे, त्यावरून ही नाणी ज्या व्यापारी जगात फिरत होती त्यात आजच्या वसई तालुक्यातील हे बंदर महत्त्वाचे होते, हे स्पष्ट होते.

सोपाऱ्याचे खरे महत्त्व मात्र या विषयापुरते दुसऱ्याच कारणासाठी आहे. १८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने स्थानिकांत ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. मूळचे जुनागढचे आणि मुंबईत स्थायिक झालेले भगवानलाल हे शिलालेख आणि नाणी यांच्या अभ्यासातील त्या काळचे अग्रगण्य नाव होते. टेकाडाच्या पोटात विटांचा स्तूप, स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी, तीत एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक, सर्वांत आतल्या सुवर्णकरंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे, भोवती बुद्धांच्या आठ धातुमूर्ती, आणि त्यांच्याबरोबर यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक लहान, न झिजलेले नाणे, अशी ही मांडणी होती. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले आणि मूर्ती त्यानंतर कित्येक शतकांनी घडवलेल्या, हा विरोध मांडणी जशीच्या तशी नोंदवली गेल्यामुळेच लक्षात आला, आणि स्तूप मधल्या काळात उघडून पुन्हा बंद केला असावा, या अनुमानाला आधार मिळाला. हेच नाणे एखाद्या फेरीवाल्याकडून सुटे विकत घेतले असते, तर ते एका सातवाहन राजाचे चांदीचे नाणे एवढेच त्याच्याविषयी सांगता आले असते, आणि तेवढेही वाद न होता मान्य झाले असते असे नाही. वस्तू कोठे सापडली, कोणाच्या हातून कोणाकडे गेली, याची अखंड नोंद म्हणजे संग्राहकांच्या भाषेत तिचा पूर्वेतिहास. वस्तूच्या अंगावरील कोणत्याही खुणेपेक्षा तो खोटा पाडणे अवघड असते. सोपाऱ्याचा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला आणि त्याचे वर्णन त्याच वर्षी छापून आले, त्यामुळे त्याचा पूर्वेतिहास पहिल्या दिवसापासून कागदावर आहे. संग्राहकांच्या बाजारातील फार थोड्या वस्तूंना हे भाग्य लाभते.

पोर्तुगीजांना १५३४ साली वसई मिळाल्यानंतर आणि चिमाजी अप्पांनी १७३९ साली ती जिंकून घेतल्यानंतर या किनाऱ्यावर वेगवेगळ्या टांकसाळींचे, वेगवेगळ्या कसाचे, म्हणजे शुद्धतेचे, चलन एकाच वेळी फिरत राहिले. पोर्तुगीजांचे हलक्या मोलाचे बझारुको, मोगल आणि त्यांच्या नावाने इतरांनी पाडलेले रुपये, मराठ्यांच्या अंकुशी आणि चांदवडी रुपयांपासून तांब्याच्या शिवराईपर्यंतची नाणी यांचे परस्परांतील भाव रोज बदलत, आणि या बदलात जी कसर कापून घेतली जाई तिला बट्टा म्हणत. अशा बाजारात सराफाशिवाय पान हलत नसे. गावपातळीवर पोतदार हा वतनदार सरकारी भरणा होताना नाणी पारखून व तोलून घेई, आणि बहुधा तो सोनार असे. कसोटीच्या काळ्या दगडावर नाणे घासून त्याच्या रेघेचा रंग पाहणे, दगडावर आपटून नाद ऐकणे, तराजूत तोलणे, आणि तरीही शंका राहिली तर टोच्याने भोक पाडून आतला धातू पाहणे, या त्याच्या पद्धती होत्या. असे भोक पडलेल्या नाण्याला सुलाखी म्हणत. तपासणीने नाण्याची खात्री पटे, पण त्याचे रूप बिघडे, आणि बिघडलेल्या रूपामुळे पुढचा घेणारा पुन्हा बट्टा मागे. पारख करताना वस्तूची किंमत घटते, ही अडचण पुढे कागदाच्या कार्डांबाबत अधिकच तीव्र झाली. पारखीच्या या साऱ्या ओझ्याचा फायदा सराफाला होई आणि तोटा शेतकऱ्याला, हेही येथे नोंदवले पाहिजे; पारखणारा गरजेचा असतो तेव्हा तो निःस्वार्थी असतोच असे नाही.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने आपल्या सर्व मुलखात १८० ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा एकच रुपया लागू केला आणि बट्ट्याच्या धंद्याचा पायाच काढून घेतला. मुंबईच्या फोर्ट भागात वाफेच्या यंत्रांनी सज्ज अशी टांकसाळ त्याआधीच उभी राहिली होती. यंत्राच्या नाण्याची कड दातेरी असे, त्यामुळे कड कातरून चांदी चोरण्याची जुनी युक्ती तत्काळ उघडी पडू लागली. रोजच्या चलनातील खोटेपणा अशा रीतीने बराच आटोक्यात आला. परंतु याच काळात नाण्याला दुसरे मूल्य चिकटू लागले, ते दुर्मिळतेचे, आणि त्याबरोबर नव्या प्रकारची बनावट सुरू झाली, जिच्यात धातू पूर्ण खरा असू शकतो. मुंबई टांकसाळीचा सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया हे याचे उत्तम उदाहरण होय. तो अत्यंत दुर्मिळ असून लिलावात त्याला लाखांच्या घरात किंमत येते. उलट १९३८ चा रुपया सहज मिळतो, आणि त्यावरील शेवटचा आकडा कोरून बदलला की चांदी, वजन, नाद, राजाचा मुखवटा सर्व खरे असलेले खोटे नाणे तयार होते. पोतदाराच्या सर्व कसोट्या त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात. उपयोगी पडतात ती फक्त भिंग आणि निःसंशय अस्सल नाण्याशी केलेली अंकाच्या वळणाची तुलना. यात आणखी एक गुंता सरकारनेच निर्माण करून ठेवला. कलकत्ता आणि मुंबई या टांकसाळींनी विसाव्या शतकात बराच काळ जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी नाणी पुन्हा पाडून दिली. ही नाणी बनावट म्हणता येत नाहीत आणि मूळही म्हणता येत नाहीत, आणि विक्रेता प्रामाणिक असेल तरच दोन्हींमधील फरक ग्राहकाला कळतो.

कागदाच्या दुर्मिळ वस्तूंत टपाल तिकिटे आधी आली आणि स्वतंत्र तज्ज्ञ-प्रमाणपत्राची पद्धतही त्यांच्याबरोबर आली. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती १८९४ पासून तिकिटे तपासून मत देत आली आहे, आणि भारतात फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया १८९७ साली स्थापन झाली. अशा मताची गरज किती, हे १९४८ च्या गांधी तिकिटांवरून कळते. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षपूर्तीला स्वित्झर्लंडमध्ये छापून घेतलेल्या चार तिकिटांच्या या मालिकेतील दहा रुपयांचे तिकीट साधे असेल तर फार महाग नाही. पण गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी अवघ्या १०० संचांवर ‘सर्व्हिस’ हा शब्द वरून छापला गेला, आणि तो शब्द असलेल्या चार तिकिटांची पट्टी २०१७ साली ५ लाख पौंडांना विकली गेली. खऱ्या तिकिटावर सात अक्षरांचा एक इंग्रजी शब्द काळ्या शाईने उमटवणे हा कोणत्याही छापखान्याच्या आवाक्यातील उद्योग असल्याने, या तिकिटाच्या बनावट प्रती अस्सल प्रतींपेक्षा कितीतरी अधिक आहेत, आणि मान्य संस्थेच्या प्रमाणपत्राशिवाय ते विकत घेण्याचे धाडस जाणकार करत नाहीत. महाराष्ट्राने याच जातीची लबाडी फार मोठ्या प्रमाणावर पाहिली ती मुद्रांक घोटाळ्यात. अब्दुल करीम तेलगीने नाशिकच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयातून बाद झालेली यंत्रसामग्री मिळवून बनावट मुद्रांक छापले; २००१ साली त्याला अटक झाली आणि २००७ साली पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला कारावासाची शिक्षा सुनावली. मुद्रांक हा व्यवहाराचा साक्षीदार असतो, आणि येथे तो साक्षीदारच घाऊक भावात तयार होत होता. त्यानंतर कागदाच्या गुणवत्तेवर विसंबण्याऐवजी, ज्याची पडताळणी मूळ नोंदीत करता येते अशा क्रमांकाकडे सरकारी व्यवहार वळले.

खेळाडूंच्या कार्डांचा जन्म तंबाखूच्या धंद्यात झाला. सिगारेटचे पाकीट चुरगळू नये म्हणून त्यात घातल्या जाणाऱ्या कडक पुठ्ठ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्रे छापली जाऊ लागली, आणि इंग्लंडमधील विल्स कंपनीने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंची मालिका काढली. इंग्लंडकडून खेळलेले रणजितसिंहजी आणि दुलीपसिंहजी अशा इंग्रजी कार्डांवर झळकले. अमेरिकेत बेसबॉलच्या कार्डांनी जोर धरला. १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या, टी-२०६ या सूचीक्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या मालिकेतील होनस वॅगनर या खेळाडूचे कार्ड लवकरच छापायचे थांबल्यामुळे दुर्मिळ झाले आणि या छंदाचे मानचिन्ह ठरले.

या एका कार्डाचा पुढील प्रवास सविस्तर सांगण्यासारखा आहे. १९९१ साली त्याची एक विलक्षण सुस्थितीतील प्रत लिलावात आली आणि आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की व त्यांचे भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ती ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतली. त्याच वर्षी पीएसए ही संस्था सुरू झाली. कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राची मध्यरेषा तपासून त्याला १ ते १० या श्रेणीत दर्जा देणे, आणि ते क्रमांकित लेबलासह पारदर्शक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत बंद करणे, हे तिचे काम. या डबीला स्लॅब म्हणतात, आणि दर्जा देण्याच्या प्रक्रियेला ग्रेडिंग. नाण्यांसाठी हीच पद्धत पाच वर्षे आधी, १९८६ साली सुरू झाली होती. पीएसएने दर्जा दिलेले पहिले कार्ड हेच वॅगनर होते आणि त्याला ८ हा दर्जा मिळाला. २००७ साली ते २८ लाख डॉलरना विकले गेले. मात्र १९८० च्या दशकात ते बाजारात आणणारा व्यापारी आणि पुढे मोठा लिलावदार झालेला बिल मॅस्ट्रो याने २०१३ साली न्यायालयासमोर कबूल केले की या कार्डाच्या कडा त्यानेच कापून सरळ केल्या होत्या. कातरलेल्या कार्डाला अंकित दर्जा देऊ नये हा ग्रेडिंगचा प्राथमिक नियम, आणि ज्या कार्डाने ग्रेडिंगची प्रतिष्ठा वाढवली तेच कातरलेले निघाले. लिलावात खोट्या बोली लावून किंमत फुगवल्याबद्दलही मॅस्ट्रोला दोषी धरले गेले आणि २०१५ साली त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. जुन्या रुपयाची कड कातरून चांदी चोरणारा नाण्याचे मूल्य घटवत असे. येथे कड कातरल्याने मूल्य वाढले, कारण बाजार आता धातूची किंवा कागदाची नव्हे तर नीटसपणाची किंमत मोजत होता.

भारतात कार्डांचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. १९८० आणि १९९० च्या दशकांत बबलगमच्या वेष्टनाबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे आणि शाळकरी मुलांत खेळली जाणारी ट्रम्प कार्डे हे त्याचे मुख्य रूप. ती जपण्यासाठी नव्हे तर खेळण्यासाठी होती, त्यामुळे बहुतेक झिजून, फाटून नाहीशी झाली. पुढे टॉप्स या कंपनीने आयपीएलच्या संघांची ‘क्रिकेट अॅटॅक्स’ कार्डे आणली आणि पाकिटात कोणते कार्ड निघेल या अनिश्चिततेचा व्यापार भारतातही स्थिरावला. खेळाडू पहिल्यांदा झळकतो ते कार्ड पुढे सर्वांत मौल्यवान ठरते, हा अमेरिकेतील संकेत क्रिकेटलाही लागू होऊ लागल्यामुळे, विरारहून लोकलने मुंबईच्या मैदानांवर जाणाऱ्या आणि २०१३ साली हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेत ५४६ धावा काढणाऱ्या पृथ्वी शॉसारख्या खेळाडूच्या सुरुवातीच्या वस्तूंनाही, कामगिरीच्या चढउतारांसह, बाजारमूल्य येऊ शकते. अडचण अशी की अमेरिकेतील मालिकांच्या तपशीलवार सूच्या शतकभर तयार होत आल्या आहेत, तर भारतीय बबलगमच्या चित्रांची अशी पद्धतशीर सूची सहज हाती लागत नाही. आणि तुलनेसाठी निःसंशय अस्सल प्रत नसेल, तर १९३९ च्या रुपयाला लागू पडणारी भिंगाची कसोटी येथे लंगडी पडते.

ऑनलाइन व्यवहारातील फसवणुकीचे प्रकार पाहता त्यांतील बरेचसे या जुन्या इतिहासातून ओळखीचे झालेले आहेत. नवी छपाई करून जुने म्हणून विकलेले कार्ड हा सर्वांत भाबडा प्रकार. जुनी कार्डे शिळाछाप किंवा ऑफसेट पद्धतीने छापलेली असल्याने भिंगाखाली त्यांच्या रंगांचे ठिपके ठरावीक रचनेत दिसतात, तर घरगुती छपाईयंत्राचे ठिपके विस्कळीत असतात. शिवाय कागद शुभ्र दिसावा म्हणून वापरली जाणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात रूढ झाल्यामुळे, अतिनील प्रकाशात निळसर चमकणारे ‘१९१० चे’ कार्ड संशयास्पद ठरते. या कसोट्यांना सुलाख लागत नाही, म्हणजे वस्तू बिघडत नाही, परंतु वस्तू समोर असल्याखेरीज त्या करता येत नाहीत, आणि दूरच्या ग्राहकाकडे असते ते केवळ छायाचित्र, तेही बहुधा दुसऱ्याच्या कार्डाचे. त्यामुळे विक्रेत्याकडे त्याच कार्डाचे, त्या दिवशीची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह, तिरप्या प्रकाशात काढलेले नवे छायाचित्र मागण्याची रीत संग्राहकांत पडली आहे.

अधिक गंभीर लबाडी स्लॅबभोवती घडते. अस्सल डबी फोडून तीत हलके कार्ड बसवणे, किंवा डबी आणि लेबल दोन्ही बनावट करून त्यावर खऱ्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापणे, हे प्रकार आता सर्वज्ञात आहेत; ग्रेडिंग संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला तर तो खराच निघतो, कारण तो दुसऱ्या एखाद्या अस्सल कार्डाचा असतो. म्हणून नुसता क्रमांक जुळणे पुरेसे नसते; संस्थेच्या नोंदीत त्या क्रमांकाच्या कार्डाचे छायाचित्र असेल तर छपाईतील बारीक डाग, मध्यरेषेचे झुकणे आणि कोपऱ्यांची ठेवण ही समोरच्या प्रतीशी ताडून पाहावी लागते. भारतीय ग्राहकाला ही पद्धत सोन्याच्या दागिन्यांमुळे परिचित झाली आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झालेल्या हॉलमार्किंगमध्ये प्रत्येक दागिन्याला सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र एचयूआयडी क्रमांक दिला जातो आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या अॅपवर तपासता येतो. तेथेही अॅपवर दिसणारा दागिन्याचा प्रकार आणि हातातील दागिना एकच आहे ना, हे पाहणे ग्राहकाकडेच राहते.

याखेरीज एक वर्ग असा आहे की ज्यात वस्तूच नसते. जुनी नाणी आणि नोटा विकत घेण्याचे आमिष दाखवून नोंदणी शुल्क, कर किंवा कमिशन या नावाखाली आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार इतके वाढले की भारतीय रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर खुलासा करावा लागला: बँक अशा व्यवहारांत पडत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही, आणि आपल्या वतीने ते घेण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. येथे बनावट होते ती साक्षीदाराची, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेची. देवादिकांच्या प्रतिमा असलेली, ‘१८१८’ हे साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव मिरवणारी पितळी पदके लाखो रुपयांची म्हणून विकली जातात तीही याच बाजारात. कंपनीने अशी नाणी चलनात कधी आणलीच नाहीत, एवढी साधी माहिती कोणत्याही नाणेसूचीत मिळू शकते, पण आमिषाला बळी पडणारा ग्राहक सूची आधी उघडत नाही. पैसे स्वीकारण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करा किंवा पिन टाका, असे सांगणारा खरेदीदार हाही याच कुळातला. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नव्हे.

कायद्याने या क्षेत्रात दिलेले संरक्षण असमान आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनुसार विक्रीमंचाने विक्रेत्याची ओळख व पत्ता उपलब्ध करून देणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिनाभरात तिचे निवारण करणे अपेक्षित आहे. मात्र व्यवसाय म्हणून नव्हे तर वैयक्तिक नात्याने विक्री करणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू होत नाहीत, आणि दुर्मिळ कार्डांची मोठी उलाढाल समाजमाध्यमांवरील अशाच हौशी विक्रेत्यांमार्फत होते. तेथे उरतो तो फौजदारी मार्ग: माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ड हे कलम, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१८ हे फसवणुकीचे कलम, आणि तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक. मनवेलपाड्याच्या रहिवाशासाठी संबंधित यंत्रणा म्हणजे २०२० साली सुरू झालेले मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय. रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्यापूर्वी ती गोठवता यावी यासाठी पहिले काही तास निर्णायक असतात, त्यामुळे व्यवहार क्रमांक, संभाषणाच्या प्रती आणि पार्सल उघडतानाची सलग चित्रफीत हाताशी असणे हे वस्तू पारखण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

अलीकडे कार्डाने कागदही सोडला आहे. खेळाडूंची डिजिटल कार्डे विकणाऱ्या एका कंपनीने प्रतिस्पर्धी मंचाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली असता, न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी एप्रिल २०२३ मध्ये अंतरिम मनाई नाकारताना असे मत नोंदवले की खेळाडूंची नावे आणि खेळातील आकडेवारी ही सार्वजनिक माहिती असून तिचा असा वापर करण्यावर परवानाधारकाला एकाधिकार सांगता येत नाही. परिणामी एकाच खेळाडूची, वेगवेगळ्या मंचांवरील, परस्परांशी संबंध नसलेली कार्डे एकाच वेळी कायदेशीरपणे अस्तित्वात असू शकतात. अशा कार्डाची संगणकीय नोंद खोटी पाडणे अवघड असले, तरी त्या नोंदीच्या दुसऱ्या टोकाला कोणता परवाना आहे, प्रती किती काढायच्या हे कोण ठरवते आणि मंच बंद पडल्यास ते कार्ड कोठे पाहता येईल, हे खरेदीदाराला त्या मंचाच्या अटींतूनच शोधून काढावे लागते.